मॅनेजरच्या खुर्चीतून शिरगाव दिसत नाही

2024 च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतल्या अनेक कॉलेजांनी मॅनेजमेंटचं उत्तम प्रात्यक्षिक करून दाखवलं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं त्या वर्षापासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या अखत्यारीत घेतले होते. परिषदेची मान्यता घ्या आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा दिलेली मुलंच घ्या, असं ठरलं. 29 मे रोजी पहिली परीक्षा झाली. तिला बसलेली मुलं राज्यातल्या एकूण जागांच्या निम्मीही भरली नाहीत, म्हणून ऑगस्टमध्ये दुसरी परीक्षा घ्यावी लागली. तोवर बऱ्याच कॉलेजांनी वाट काढली होती. बीएमएसची पाटी उतरली आणि तिथं ‘बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज’ अशी नवी पाटी लागली. वर्ग तोच, शिकवणारे तेच, विषय बहुतेक तेच. परिषदेची कटकट नाही आणि सीईटीचीही नाही. चौथ्या सत्रात ‘एथिक्स अँड गव्हर्नन्स’ शिकवणाऱ्या अभ्यासक्रमानं नियामकाला बगल कशी द्यायची याचा इतका नेटका धडा घालून दिला की त्यावर वेगळी केस स्टडी लिहायला नको.

कॉलेजांची बाजूही खोटी नव्हती. बीएमएसलाही आता सीईटी लागते हे आमच्या बदलापूरच्या शिरगावातल्या कितीतरी घरांना कळलं तेव्हा बारावीचा निकाल हातात होता आणि अर्जाची मुदत उलटून गेलेली होती. जागा रिकाम्या राहिल्या तर विनाअनुदानित वर्गाचे पगार कुठून द्यायचे, हा प्रश्न प्राचार्यांपुढे होताच. मला त्या पाटीबदलातलं एकच खुपतं. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मुलांना कुणी हे उघड सांगून त्यावर चर्चा घडवली असती, तर पहिल्या सत्रातला सर्वांत जिवंत तास तोच झाला असता. आपल्या डोळ्यांदेखत एक व्यवसाय आपलं उत्पादन, किंमत, नाव आणि ग्राहक पुन्हा मांडतो आहे, आणि तो ग्राहक आपणच आहोत, हे अठराव्या वर्षी दिसणं म्हणजे शिक्षण. ते दिसू न देता मार्केटिंगच्या चार ‘पी’ची व्याख्या पाठ करवून घेणं ही परीक्षेची तयारी झाली.

मुंबई विद्यापीठानं बीएमएस सुरू केला 1999-2000 मध्ये. त्याआधी कॉमर्सच्या मुलाला बीकॉम, आणि फारच हुशार असेल तर सोबत सीए, एवढीच वाट होती. नवा अभ्यासक्रम पहिल्यापासून विनाअनुदानित. म्हणजे त्याच इमारतीत एकीकडे सरकारी अनुदानावरचा बीकॉमचा वर्ग, आणि दुसरीकडे कितीतरी पट फी घेणारा, ब्लेझर घालून प्रेझेंटेशन देणारा, इंग्रजीतून चालणारा बीएमएसचा वर्ग. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हे रोप चांगलं धरलं आणि त्याला कारण आहे. 2011 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. नंतर वाढली ती डोळ्यांदेखत. गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळीतून परवडणाऱ्या फ्लॅटसाठी इथं आलेली ही घरं. बाप बँकेत, महापालिकेत, नाहीतर एखाद्या कंपनीच्या ऑफिसात. मुलाला इंजिनीअरिंगचे मार्क नाहीत आणि साधा बीकॉम नातेवाइकांत सांगायला कमीपणाचा वाटतो. अशा घराला ‘मॅनेजमेंट’ हा शब्द फार दिलासा देतो. मुलगा कुठल्या तरी खुर्चीत बसणार, असं त्यातून ऐकू येतं.

आणि तो खरोखर काय शिकतो? सहा सत्रांत चाळीसच्या आसपास विषय. जमाखर्च, धंद्याचे कायदे, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संवादकौशल्य, मार्केटिंगची तत्त्वं, औद्योगिक कायदे, संशोधनपद्धती, उत्पादन आणि गुणवत्ता, माल पोचवण्याची साखळी, ऑपरेशन्स रिसर्च. दुसऱ्या वर्षापासून फायनान्स, मार्केटिंग किंवा एचआर यांपैकी एक बाजू धरायची. यादी वाईट नाही. करारांचा 1872 चा कायदा आणि चेक न वटल्यावरचं 138 कलम विसाव्या वर्षी ठाऊक असणं हे कुठल्याही नागरिकाच्या कामाचं आहे. बीकॉमच्या मुलाला इतक्या दिशांची तोंडओळख सहसा होत नाही. तेव्हा ‘बीएमएस म्हणजे पैसे भरून घेतलेला बीकॉम’ हे लग्नाच्या पंगतीत ऐकू येणारं मत मला आळशीपणाचं वाटतं.

माझी तक्रार या यादीशी नाही. हे चाळीसही विषय एकाच खुर्चीत बसून लिहिलेले आहेत. मार्केटिंग शिकायचं ते विकणाऱ्याच्या बाजूनं, एचआर माणसं नेमणाऱ्याच्या बाजूनं, आणि औद्योगिक कायदे शिकायचे ते ज्याच्यावर केस होऊ शकते त्या मालकाच्या बाजूनं. मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना 1884 मध्ये उभी करणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी बीएमएसचं मूल दर आठवड्याला उपभोगतं. कारखाने कायद्यातली साप्ताहिक सुट्टीची तरतूद त्याला पाठ असते, पण लोखंडे कोण हे त्याला ठाऊक नसतं. वर ती खुर्ची असते एखाद्या अवाढव्य कंपनीतली, जिथं फायनान्सचं खातं वेगळं, मार्केटिंगचं वेगळं, एचआरचं वेगळं. शिरगावात, आपटेवाडीत, कात्रपला, नाहीतर खरवईच्या एमआयडीसीत या तिन्ही खात्यांचा एकच माणूस असतो. दुपारी तो डबा खायला घरी जातो, आणि तेवढ्या वेळात गल्ल्यावर त्याची बायको बसते.

मॅनेजमेंटच्या शास्त्राचे आद्य लेखक मात्र आधी काम करून मग बोलले होते. हेन्री फेयॉलची चौदा तत्त्वं प्रत्येक बीएमएसवाला घोकतो. फेयॉल खाणीतला इंजिनीअर. 1888 मध्ये त्यानं डबघाईला आलेली खाणकंपनी हाती घेतली आणि पुढची तीस वर्षं चालवली. ती तत्त्वं त्यानं 1916 मध्ये छापली तेव्हा तो पंच्याहत्तरीत होता. फ्रेडरिक टेलर पोलाद कारखान्यात आधी मशीनवर उभा राहिला, मग मुकादम झाला, आणि त्याचं पुस्तक आलं 1911 साली. आयुष्यभराच्या अनुभवाचा तो अर्क आपण अशा मुलाला देतो ज्यानं अजून स्वतःच्या हातानं एक पावतीही फाडलेली नाही. मॅस्लोचं आणखी मजेशीर आहे. गरजांचा तो पाच मजली त्रिकोण पट्टी लावून काढला की मार्क मिळतात. मॅस्लोच्या 1943 च्या निबंधात मात्र त्रिकोण नाहीच, तो मागाहून इतरांनी काढला. त्रिकोण काढणाऱ्यांपैकी कुणाला हे सांगितलं तर पहिला प्रश्न येतो: ‘सर, मग काढायचा की नाही?’

हेन्री मिंट्झबर्गनं 2004 मध्ये एमबीएवर पुस्तक लिहून सांगितलं की वर्गात मॅनेजर तयार होत नाही. जो आधीच कुठंतरी काम सांभाळतो आहे त्यालाच वर्गाचा उपयोग होतो. एमबीएच्या मुलांबद्दल हे खरं असेल तर बीएमएसच्या मुलांबद्दल दुपटीनं खरं. पण इथं थांबून ‘मग बंद करा’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. कारभाराचं शिक्षण शाळा-कॉलेजातून द्या, असा आग्रह खुद्द फेयॉलचाच होता. फ्रान्सच्या इंजिनीअरांना नको तितकं गणित शिकवतात आणि माणसं-कामं कशी लावायची हे मात्र कुणी शिकवत नाही, अशी त्याची तक्रार होती. तेव्हा शिकवावं जरूर. पण मॅनेजर घडवण्याचा आव सोडावा. विसाव्या वर्षीच्या मुलाला धंदा चालवता येणार नाही, पण तो वाचता येऊ शकतो. समोरचं दुकान, कारखाना, बँक किंवा कॉलेज पैसा कुठून आणतं, कुठं अडकवतं, जोखीम कुणाच्या गळ्यात घालतं, हे पाहता येणं ही तीन वर्षांत नक्की साधणारी गोष्ट आहे. आणि ती करण्यासाठी या पट्ट्याइतकी चांगली प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही.

बदलापूरहून लोकलनं दोन स्टेशनं मागं गेलं की उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांना 1949 मध्ये हे नाव मिळालं, आणि रिकाम्या हातानं आलेल्या माणसांनी तिथं फर्निचर, कापड, जीन्सच्या बाजारपेठा उभ्या केल्या. तिथल्या दुकानदार घरातलं मूल बीएमएसला येतं तेव्हा संध्याकाळी काउंटरवर बसून आलेलं असतं. गिऱ्हाईक कधी उठून जाणार आणि कधी नुसतं उठल्यासारखं करतंय, कुठल्या व्यापाऱ्याला माल उधार द्यायचा आणि कुणाला गोड बोलून टाळायचं, हे त्याला कळतं. त्याला ‘वर्किंग कॅपिटल’ हा शब्द तेवढा नवा. बदलापूरच्या पगारदार घरातल्या मुलीला तो शब्द आणि त्याचं सूत्र पाठ असतं, पण पैसा अडकतो म्हणजे काय होतं हे तिनं घरात कधी पाहिलेलं नसतं. तिथं पगार पहिल्या तारखेला येतो. (सगळ्या सिंधी घरांत दुकान आणि सगळ्या मराठी घरांत नोकरी, असं काही नाही, पण बाकावर हा फरक जाणवतो.) ही दोघं एकाच बाकावर तीन वर्षं बसतात आणि एकमेकांना काहीच शिकवत नाहीत, कारण परीक्षेत दोघांनाही तेच छापील उत्तर लिहायचं असतं.

शिरगावातलं एखादं किराणा दुकान घेऊ. आकडे समजण्यापुरते. रोजची विक्री दहा हजार, म्हणजे महिन्याला तीन लाख. सुटणारा नफा दहा टक्के धरला तर तीस हजार. त्यातून भाडं, वीज, पोऱ्याचा पगार. विक्रीतला चाळीस टक्के माल वहीवर जातो आणि वही गिऱ्हाइकाच्या पगाराला मिटते. म्हणजे महिनाअखेरीला लोकांकडे एक लाख वीस हजार अडकलेले, दुकानाची चार महिन्यांची ढोबळ कमाई. डिस्ट्रिब्युटरचा माणूस मात्र सात दिवसांत पैसे न्यायला दारात उभा. पुस्तकात याला ऋणको उलाढालीचं गुणोत्तर म्हणतात, आणि वर्षाला बारा वेळा उलाढाल म्हणजे ठीकच, असा शेरा विद्यार्थी मारतो. पण दुकानदाराला गुणोत्तरानं झोप लागत नाही. त्याची खरी चिंता पुस्तकात नाही: इथली निम्मी गिऱ्हाइकं भाडेकरू आहेत आणि भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. एक कुटुंब सहा हजारांची वही तशीच टाकून वांगणीला नाहीतर नेरळला राहायला गेलं, की सहा दिवसांच्या विक्रीतली कमाई बुडाली. म्हणून करार संपत आला की तो वही आखडती घेतो. तेल-साखर रोख, बिस्किटं चालतील उधार. कुणाचा करार कधी संपतो हे त्याला इस्टेट एजंटाकडून कळतं, सोसायटीच्या वॉचमनकडून कळतं. बँकेत याच कामाला ‘क्रेडिट रिस्क’ म्हणून पगार देतात. वहीच्या पानावर नावापुढे मारलेली एक बारीक फुली, एवढीच त्याची पद्धत. ती फुली वाचता येणारा पदवीधर मला हवा आहे.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत घडते. लहान कारखानदार मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो आणि पैशाची वाट पाहतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं पैसे देण्याची कमाल मुदत पंचेचाळीस दिवस ठरवली आहे. ती पाळली जावी म्हणून आयकर कायद्यात 43बी कलमाला जोड देण्यात आली. 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही. आता लहान कारखानदार या कायद्याचा आधार घेऊन मोठ्याकडे बोट दाखवील का? पुढची ऑर्डर गमावण्याची तयारी असेल तरच. कायदा, हिशेब, बाजारातली ताकद आणि माणसाची भीती एकाच प्रश्नात गुंतलेली आहेत. बीएमएसच्या वेळापत्रकात मात्र हे चार वेगवेगळे पेपर आहेत, चार वेगवेगळ्या सत्रांतले.

आणि हिशेबात न येणारं काही? वालधुनी नदी अंबरनाथहून उल्हासनगरात उतरते. 2014 मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनांच्या वायूनं शेकडो माणसं इस्पितळात गेली. तिच्या काठच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर पुढं कारवाई झाली, कारखाने हलले, हातची कामं गेली. स्वस्त जीन्सच्या किंमतपत्रकात नदीची ओळ नव्हती. तिसऱ्या सत्रात पर्यावरण व्यवस्थापनाचा पेपर आहेच. त्यात ओझोनचा थर येतो. वालधुनी लोकलच्या खिडकीतून दिसते.

आता ब्लॅक बुकबद्दल. सहाव्या सत्रात शंभर मार्कांचं प्रोजेक्ट असतं. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, म्हणून मुलांत त्याचं नाव ब्लॅक बुक. तोंडी परीक्षेच्या निमित्तानं मी अशी बरीच चाळली आहेत. विषय ठरलेले: अमुक ब्रँडबद्दल ग्राहकांचं समाधान, ऑनलाइन खरेदीकडे तरुणांचा कल, म्युच्युअल फंडाबद्दल जागरूकता. पहिली चाळीस पानं कुठून तरी उचललेला इतिहास. मग गुगल फॉर्म, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला, पन्नास उत्तरं. मग प्रत्येक प्रश्नाला एक रंगीत वर्तुळ आणि त्याखाली तेच वर्तुळ शब्दांत. निष्कर्ष: बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत. शिफारस: कंपनीनं जाहिरातीवर भर द्यावा. ती कंपनी एखाद्या देशाच्या अर्थसंकल्पाएवढी असते आणि शिफारस करणारा तिचा साबणसुद्धा कात्रपच्या दुकानातून सुट्ट्या वडीवर आणतो. झेरॉक्सच्या दुकानात तयार ब्लॅक बुक मिळतं, फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत असतं. मी यात मुलांना फारसा दोष देत नाही. ज्या कामाचा कुणालाच उपयोग नाही ते विकत घेणं हा तसा किफायतशीर निर्णय आहे. वेळेची किंमत मोजायला आपणच शिकवलं.

त्याऐवजी बदलापूरचं जांभूळ घ्या. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मेअखेरीपासून पाऊस लागेपर्यंत स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बायका बसतात. हे फळ फार नाजूक; आजचं उद्या टिकलं तर नशीब. उरलेला माल उद्या शून्य किमतीचा होणार असेल तर आज किती आणावा, या प्रश्नावर मॅनेजमेंटच्या शास्त्रात मोठं गणित आहे. ती बाई ते रोज पहाटे ढगाकडे बघून सोडवते. सकाळी वाट्याचा भाव काय, कर्जत लोकलला गर्दी उतरली की काय, रात्री आठला काय. झाडाच्या मालकाला किती, झाडावर चढणाऱ्याला किती, बसायच्या जागेपायी किती. मानांकनाचा शिक्का मिळाल्यावर तिच्या वाट्यात एक रुपया तरी वाढला का. एका मुलीनं तीन आठवडे, गाडी पकडायच्या आधी पंधरा मिनिटं, हे लिहून काढलं तर किंमत, साठा, साखळी, ब्रँड आणि न्याय अशा पाच पेपरांची उजळणी होईल. त्यातलं एक वाक्यही झेरॉक्सवाल्याकडे तयार नसेल.

याचा अर्थ वर्गात आज काहीच चांगलं होत नाही असा नव्हे. जे होतं ते बहुधा अभ्यासक्रमाबाहेर होतं. कॉलेज फेस्टिव्हलला स्पॉन्सर मिळवायला चार मुलं बाजारात फिरतात, वीस दुकानदार हाकलतात, एकविसावा पाचशे रुपये आणि बॅनर देतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, मागच्या बाकावरची मुलगी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ब्लेझर घालून साठ जणांसमोर दहा मिनिटं बोलते. इंग्रजी अडखळतं, पण ती थांबत नाही. ऐरोलीच्या नाहीतर ठाण्याच्या ऑफिसात तिला नोकरी मिळते ती बहुतांशी या दहा मिनिटांच्या बळावर. याला ‘नुसती सॉफ्ट स्किल्स’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मुलं घरीच ते शिकलेली असतात. मला एवढंच वाटतं की बोलायची भीड मोडल्यावर बोलायला स्वतः पाहिलेलं काही हवं. नाहीतर ती आत्मविश्वासानं तेच वर्तुळ वाचून दाखवते.

नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण श्रेयांकासह आलं आहे, आणि कागदावर ते माझ्या म्हणण्याच्या जवळ जातं. प्रत्यक्षात मुलं ओळखीच्या सीएकडून नाहीतर काकांच्या कंपनीतून सहीशिक्क्याचं पत्र आणतात. दुकानदार वही कशी दाखवील, असाही आक्षेप येतो. पहिल्या दिवशी नाहीच दाखवणार. चार वेळा जाऊन बसलं, वहीतलं एकही नाव बाहेर जाणार नाही असा शब्द दिला, महिनाअखेरीच्या बेरजा करून दिल्या, तर दाखवील. हा विश्वास मिळवणं हाच त्या अभ्यासाचा अर्धा भाग. पण त्यासाठी मुलांबरोबर बाजारात जाणारा शिक्षक लागतो. विनाअनुदानित विभागातला बराचसा शिक्षकवर्ग तासिका तत्त्वावर असतो: सकाळी अंबरनाथला दोन तास, दुपारी उल्हासनगरला दोन, आणि मधल्या प्रवासाचे पैसे नाहीत. घंटा वाजल्यापासून घंटा वाजेपर्यंत फळ्यासमोर उभं राहिलं तरच मानधन. खरवईच्या कारखान्यात मुलांना घेऊन घालवलेल्या दुपारचं बिल कुठल्या रकान्यात लावायचं, हे कॉलेजच्या लेखापालालाही सांगता येत नाही. तो रकाना अंदाजपत्रकात काढायला लागेल एवढी रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधूनच निघते. फेस्टिव्हलच्या मंडपाला निघतेच. व्यवस्थापन मंडळाच्या बैठकीत हा विषय कुणीतरी मांडायला हवा, आणि त्या बैठकीला तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी टिपणं घ्यायला बसवायला हवेत.